क्लबची वकिली आता पुरे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी भुसावळचा. वय अडतीस, एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वडील रेल्वेत सी अँड डब्ल्यूमध्ये, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या कॅरेज अँड वॅगन खात्यात होते, आता निवृत्त आहेत. कॉलेजात असल्यापासून मी मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता आहे. २००८ मधला चॅम्पियन्स लीगचा मॉस्कोचा अंतिम सामना मी वडिलांसोबत पाहिला. त्यांना फुटबॉलमधले काही कळत नव्हते, पण मे महिन्याच्या उकाड्याने झोप येईना म्हणून ते माझ्याशेजारी येऊन बसले. चेल्सीचा गोलरक्षक डोक्याला काळे कवच घालून खेळत होता, त्याच्याकडे बोट दाखवून "त्याच्या डोक्याले काय बांधेल हाये रे?" असे विचारत विचारत ते थेट पेनल्टीपर्यंत जागले. पहाटे तीनच्या सुमारास आपण जिंकलो. तेव्हापासून वडील त्या संघाला 'आपला' म्हणतात.

आमचे प्रशिक्षक फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि सगळे बिघडत गेले. मी मात्र प्रत्येक वेळी काहीतरी कारण शोधून मित्रांच्या ग्रुपवर भांडत राहिलो. २०२४-२५ मध्ये संघ लीगमध्ये पंधरावा आला, युरोपा लीगचा बिल्बाओचा अंतिम सामना टॉटनहॅमकडून हरला. पुढे ऑगस्टमध्ये ग्रिम्सबी या चौथ्या श्रेणीच्या संघाकडून हरला, तेव्हा मला वाईट वाटले नाही. काहीच वाटले नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. पत्नी म्हणते, "त्या लोकांना तुमचे नावसुद्धा माहीत नाही, आणि तुम्ही आपला रविवार नासवता." अकरा वर्षांचा मुलगा मँचेस्टर सिटीची आकाशी जर्सी मागतो आहे. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे वडील रविवारी सकाळी विचारतात, "आपलं काय झालं?" आणि मी सांगतो, "काल मॅच नव्हती."

मी हा क्लब सोडावा का? इतक्या वर्षांनी सोडणे ही गद्दारी ठरेल का?

एक वाचक, भुसावळ

उत्तर

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. त्यात जी जी माणसे आली आहेत, त्या प्रत्येकासमोर तुम्ही त्या क्लबचे वकील म्हणून उभे आहात. मित्रांच्या ग्रुपवर तुम्ही त्याची बाजू मांडता, पत्नीसमोर त्याच्यासाठी घालवलेल्या वेळेचे समर्थन करता, मुलाच्या मागणीकडे प्रतिपक्षाचा अर्ज आल्यासारखे पाहता आणि वडिलांसमोर तर पराभव लपवण्यासाठी खोटेही बोलता. फर्ग्युसन गेल्यापासून तुम्ही हे काम करत आला आहात, आणि अशिलाने या काळात तुम्हाला बचावाला एकही धड पुरावा दिलेला नाही. मला वाटते की तुम्हाला आलेला थकवा हा चाहतेपणाचा नसून या वकिलीचा आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की क्लब सोडायचा की नाही हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि क्लबची वकिली मात्र आजपासून सोडून द्या.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळतो. तुमची तक्रार केवळ हरण्याची आहे, की त्याहून खोलवरची, हे आधी तपासून पाहायला हवे. त्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढच्या मे महिन्यात हाच क्लब, याच मालकांच्या हाताखाली, लीग जिंकला, तर तुमच्या मनातली खंत पूर्णपणे जाईल का? जाणार असेल, तर तुम्ही फक्त पराभवाने पोळलेले आहात, आणि त्यावर काळ हाच उपाय आहे. जाणार नसेल, तर तुमचा राग रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. पत्रावरून मला दुसरीच शक्यता अधिक वाटते, कारण हरणे तुम्ही अनेक वर्षे सोसले आहे. तुटलेली गोष्ट वेगळी आहे. हा क्लब चालवणाऱ्यांना तो आपल्याइतकाच प्रिय आहे, हा तुमचा समज तुटला आहे.

तो समज तुटण्यासारखेच घडले आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने मान्य करावे असे मला वाटते. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंड किमतीला हा क्लब ताब्यात घेतला, तेव्हा त्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा मोठा भाग, पन्नास कोटी पौंडांहून अधिक, क्लबच्याच डोक्यावर टाकण्यात आला. म्हणजे विकत घेणाऱ्याने घेतलेल्या कर्जाचे व्याज विकल्या गेलेल्या क्लबने भरायचे, असा तो व्यवहार होता. पुढे २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी एक चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला, तेव्हा अनेकांना आशा वाटली होती. त्याच वर्षी सुमारे अडीचशे नोकऱ्या कमी करण्यात आल्या, पुढच्या वर्षी आणखी दोनशेपर्यंत कमी करण्याची घोषणा झाली आणि कर्मचाऱ्यांचे मोफत जेवणही बंद झाले. हंगाम अर्ध्यात असताना उरलेल्या घरच्या सामन्यांच्या सदस्य-तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड करण्यात आला, आणि त्यात लहान मुलांची व ज्येष्ठांची सवलत काढून घेण्यात आली. पंधरावे स्थान हे मैदानावरचे अपयश आहे, ते उद्या भरून निघू शकेल. पण ज्यांनी आयुष्यभर त्या स्टँडमध्ये बसून गळा सुकवला, त्या म्हाताऱ्यांच्या सवलतीवर हात टाकणारी माणसे आपल्या क्लबची मालक आहेत, हे कळल्यावर मन उडाले तर त्यात तुमचा दोष कोणता?

इथे मला थोडे मागे जायचे आहे, कारण तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही अगदी सहज लिहून गेला आहात. तुमचे वडील सी अँड डब्ल्यूमध्ये होते. हा क्लब १८७८ मध्ये कोणी काढला हे तुम्हाला बहुधा माहीत असेल, पण वडिलांना सांगितले आहे का? लँकशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ इथल्या कॅरेज अँड वॅगन खात्यातल्या कामगारांनी तो काढला. भुसावळकराला हे खाते म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेने चालत जाणारी, चाकावर ठोका मारून आवाजावरून तडा ओळखणारी, वाकून ब्रेकचे ठोकळे पाहणारी आणि ऐन मे महिन्यात तापलेल्या लोखंडाला हात लावणारी जी माणसे आपण लहानपणापासून पाहत आलो, त्यांच्याच खात्यातली ती माणसे होती. ती काम संपल्यावर हिरव्या-सोनेरी रंगाचे कपडे घालून खेळत. हातात पैसा नव्हता, कर्ज वाढत गेले आणि १९०२ मध्ये क्लब बुडण्याच्या बेतात आला, तेव्हा एका मद्य-व्यावसायिकाने तो वाचवला, नवे नाव दिले आणि लाल रंग दिला. पुढे तो एका कुटुंबाकडे गेला, मग शेअर बाजारात गेला, मग ग्लेझर आले. सांगायचे ते इतकेच, की या क्लबचे मालक सतत बदलत आले आहेत आणि त्यांच्यावर श्रद्धा ठेवण्याची अट चाहत्याला कधीच नव्हती. तुमची श्रद्धा ढळली असे तुम्हाला वाटत असेल, पण ढळला आहे तो मालकांवरचा विश्वास, आणि तो तुम्ही कोणाला देणे लागत नव्हता.

गद्दारीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. २००५ चा व्यवहार झाला तेव्हा मँचेस्टरमध्येच राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानावर जाणारे काही चाहते उठले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा वेगळा क्लब काढला. तो सभासदांच्या मालकीचा आहे, आणि तिथे एका सभासदाला एकच मत असते, मग त्याने किती पैसे घातले आहेत याला महत्त्व नाही. सहकाराच्या मुलखात वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही कल्पना नवी नाही, आणि ती बिघडते कशी हेही आपल्याला चांगले ठाऊक आहे. पण त्या माणसांनी ती निभावली. त्यांनी अगदी खालच्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०१५ मध्ये ब्रॉडहर्स्ट पार्क हे स्वतःचे मैदान उभे केले. दुसरीकडे, तेवढेच रागावलेले हजारो लोक ओल्ड ट्रॅफर्डलाच जात राहिले. २०१० मध्ये ते लाल मफलर सोडून न्यूटन हीथचे हिरवे-सोनेरी मफलर घालून स्टँडमध्ये बसले, आणि मालकांना रोज दिसेल असा तो निषेध होता. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातल्या बड्या क्लबांनी मिळून स्वतंत्र 'सुपर लीग' जाहीर केली, तेव्हा इंग्लंडभर चाहते रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत युनायटेडसह सहाही इंग्लिश क्लबांना माघार घ्यावी लागली. २ मे रोजी तर चाहते थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मैदानात घुसण्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्या वर्षीच्या उद्रेकातून इंग्लंडमध्ये चाहत्यांचे म्हणणे ऐकणारी चौकशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये तिथे कायदा होऊन फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. त्या कायद्यात अशा बंडखोर लीगमध्ये जाण्यास मनाई आहे आणि चाहत्यांशी विचारविनिमय करणे क्लबांवर बंधनकारक केले आहे.

जे निघून गेले ते गद्दार, की जे राहिले ते लाचार? मला दोन्ही शब्द चुकीचे वाटतात. दोघांनीही क्लबची बाजू घेतली आणि मालकांची घेतली नाही. तुम्ही गेलात काय आणि राहिलात काय, एवढा फरक तुमच्या मनात स्पष्ट असेल, तर गद्दारीचा प्रश्न उरत नाही.

मात्र एका सोप्या दिलाशापासून तुम्ही सावध राहावे, असे मला मनापासून वाटते, कारण तो तुम्हाला ग्रुपवर नक्कीच कोणीतरी देत असेल. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर एका चाहत्याने फलक झळकवला होता, की तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता फर्ग्युसनना निरोप द्या. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, मे १९९० मध्ये, फर्ग्युसननी एफए कप जिंकला, १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी लीग आणली, आणि निवृत्त होईपर्यंत अशा तेरा लीग जिंकल्या. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण तिचा वापर हल्ली प्रत्येक नव्या प्रशिक्षकासाठी तोंड बंद करण्याचे साधन म्हणून होतो. मॉयेस आले तेव्हा हीच गोष्ट सांगितली गेली, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग, अमोरिम यांच्या वेळीही सांगितली गेली. एकदा धीर धरला आणि सोने निघाले, म्हणून दर वेळी धीर धरणे शहाणपणाचे ठरत नाही. धीर धरण्यासारखी काही योजना समोर दिसते का, हे पाहून धीर धरावा. गणिताच्या शिक्षकाला मी यापेक्षा अधिक काय सांगू? एका उदाहरणावरून सिद्धांत निघत नाही, हे तुम्ही रोज फळ्यावर सांगत असाल.

त्याच इतिहासातली दुसरी एक घटना मला तुमच्यासाठी अधिक मोलाची वाटते. १९७४ मध्ये हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला गेला. सहा वर्षांपूर्वी युरोपचा विजेता असलेला क्लब दुसऱ्या श्रेणीत खेळू लागला, आणि त्या हंगामात त्याच्या घरच्या सामन्यांना आलेली सरासरी गर्दी, सुमारे ४८ हजार, ही संपूर्ण इंग्लंडमध्ये सर्वाधिक होती. तेव्हा त्या लोकांसमोर लवकरच सोन्याचे दिवस येणार असल्याचा कोणताही पुरावा नव्हता. लीग परत यायला पुढे एकोणीस वर्षे लागणार होती, आणि त्यातल्या कित्येकांनी ती पाहिलीही नसेल. शनिवारी जायचे ठिकाण, शेजारी बसणारी ओळखीची माणसे, घरी परतताना करायची चर्चा यांसाठी ते गेले. जिंकण्याची हमी मागून चाहता होता येत नाही हे त्यांना माहीत होते, आणि त्यांना कोणासमोर संघाची बाजूही मांडायची नव्हती. संघ वाईट खेळला तर ते तोंडावर वाईट म्हणत आणि पुढच्या शनिवारी परत जात.

तुम्हाला असे करता येईल का, हा खरा प्रश्न आहे. भुसावळात बसलेल्या माणसाकडे परत करायला सीझन तिकीट नाही, तुमच्याकडे आहे ती झोप, पैसा, वेळ आणि जीभ.

झोपेपासून सुरुवात करा. शनिवारी संध्याकाळी साडेसातला किंवा साडेआठला असलेला सामना माणसाला झेपतो, पण आठवड्यातल्या मधल्या दिवशी रात्री साडेबाराला सुरू होणारा सामना सकाळच्या शाळेच्या शिक्षकाला झेपत नाही. ग्रिम्सबीचा सामना असाच मध्यरात्री होता. तो २-२ असा बरोबरीत सुटला आणि पेनल्टी लांबत लांबत १२-११ पर्यंत गेल्या. ज्या माणसाने ते सगळे जागून पाहिले, त्याला शेवटी काहीच वाटले नाही यात घाबरण्यासारखे काही नाही. ती बधिरता आहे, आणि बधिरता विश्रांतीने जाऊ शकते. असे सामने सोडून द्या. सकाळी निकाल वाचा, आणि उत्सुकता वाटली तरच क्षणचित्रे बघा.

पैशांबाबत माझे मत कडक आहे. दर हंगामात क्लब नव्या जर्सी बाजारात आणतो, आणि त्या विकत घेणे म्हणजे ज्यांच्यावर तुम्ही रागावला आहात त्यांनाच वर्गणी देणे होय. जुनी घाला, ती विटली तरी घाला.

वेळेचे म्हणाल, तर तुमची खरी गळती सामन्यांत होत नसावी, ती उन्हाळ्यात आणि जानेवारीत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या बातम्यांत होत असावी. कोण येणार, किती कोटींना येणार, कोणाची वैद्यकीय तपासणी झाली, कोणाचे विमान कुठे उतरले. यातल्या बहुतेक बातम्या खऱ्या ठरत नाहीत, आणि ज्या ठरतात त्या तुम्ही न वाचल्या तरी खऱ्याच ठरतात. हा काळ पूर्णपणे वर्ज्य करा. कोण आले ते पहिल्या सामन्याला कळेलच.

आणि जीभ. ग्रुपवर कोणी पंधराव्या क्रमांकाचा टोमणा मारला तर एकच उत्तर द्या: "खरे आहे, वाईट खेळलो." पुढे काही लिहू नका. मालकांची, प्रशिक्षकांची, पंचांची, दुखापतींची सबब सांगू नका. पहिले दोन-तीन आठवडे तुमचे बोट शिवशिवेल. मग चिडवणाऱ्यांनाच कंटाळा येईल, कारण समोर बचाव करणारा कोणी नसेल तर चिडवण्यात मजा राहत नाही. तुमच्या आणि त्या जुन्या मित्रांच्या बोलण्यात या वादाखेरीज काय उरले आहे, हेही त्या निमित्ताने दिसेल. काही उरले असेल तर ते जपा.

पत्नीच्या म्हणण्यातले अर्धे बरोबर आहे. त्या लोकांना तुमचे नाव माहीत नाही, हे खरे. पण ज्याच्यावर जीव लावला त्याने आपल्याला ओळखलेच पाहिजे, अशी अट कोणत्याच प्रेमाला नसते, कलेवरच्या नाही आणि खेळावरच्याही नाही. तेव्हा त्या वाक्याने तुम्ही स्वतःला मूर्ख ठरवून घेऊ नका. त्यांच्या वाक्याचा उत्तरार्ध मात्र नीट ऐका. त्यांनी क्लब सोडा असे कुठेही म्हटलेले नाही, रविवार नासतो असे म्हटले आहे. शनिवारच्या पराभवानंतर रविवारी तुम्ही घरात कसे वागता, जेवताना बोलता की नाही, मुलावर उगाच चिडता का, हे त्यांना विचारा आणि त्या जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐकून घ्या. सामना बघणे आणि त्याचे सुतक पाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी थांबवणे तुमच्या हातात आहे.

वडिलांबद्दल मात्र मी सल्ला न देता आग्रहच धरणार आहे. त्यांच्याशी खोटे बोलणे थांबवा. ज्या माणसाने उमेदीची वर्षे रेल्वेच्या यार्डात काढली, त्याला फुटबॉलच्या पराभवापासून जपण्याची गरज नाही. ते तुम्हाला "आपण जिंकलो का" असे विचारत नाहीत, "आपलं काय झालं" असे विचारतात. त्यांना बातमी हवी आहे, आणि बातमीच्या निमित्ताने तुमच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. तुम्ही "मॅच नव्हती" म्हणालात की ते संभाषण तिथेच संपते, म्हणजे पराभव लपवण्याच्या नादात तुम्ही त्यांचा रविवारचा हक्काचा विषयच काढून घेतला आहे. त्यांना सरळ सांगा, की हरलो, वाईट हरलो, मालक धड नाहीत. मला खात्री आहे की ते तुमच्यापेक्षा जोरात शिव्या घालतील. आणि त्यांना न्यूटन हीथच्या सी अँड डब्ल्यूची गोष्ट सांगा. आपल्या खात्यातल्या माणसांनी एवढा मोठा क्लब काढला होता, हे निवृत्त रेल्वेमनला कळायलाच हवे. मग त्या संघाला 'आपला' म्हणण्याचा अधिकार त्यांना तुमच्याहून अधिक आहे, हे तुम्हालाही पटेल.

मुलाला आकाशी जर्सी घेऊन द्या. अकरा वर्षांच्या मुलाला जिंकणारा संघ आवडतो, जसा तुम्हाला २००८ मध्ये युरोप जिंकणारा संघ आवडला होता. त्यात तुमचा अपमान नाही. त्याच्यासमोर सिटीच्या पैशांबद्दल, मालकांबद्दल व्याख्यान देऊ नका. ते प्रश्न खरे आहेत, पण ते त्याला त्याच्या वयाने कळतील, आणि तुम्ही आज सांगितले तर त्याला त्यात फक्त तुमची जळफळ दिसेल. त्यापेक्षा त्याला दोन गोष्टी सांगा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डवर बॉम्ब पडले आणि मैदान उद्ध्वस्त झाले, तेव्हा १९४९ पर्यंत युनायटेडचे घरचे सामने सिटीच्या मेन रोड मैदानावर होत असत. आणि मे १९९९ मध्ये ज्या आठवड्यात युनायटेडने बार्सिलोनात बायर्न म्युनिकला हरवून एकाच हंगामात तीन करंडक पुरे केले, त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी सिटीचा संघ तिसऱ्या श्रेणीतून वर येण्यासाठी गिलिंगहॅमशी झुंजत होता. शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून आणि मग पेनल्टीवर तो कसाबसा वर आला. तुमच्या मुलाला आवडणारा क्लब त्याच्या चाहत्यांनी तिसऱ्या श्रेणीतही सोडला नव्हता, म्हणून आज तो तिथे आहे. ही गोष्ट तुम्ही त्याला प्रेमाने सांगू शकलात, तर दोन्ही संघ समोरासमोर येतील त्या दिवशी आजोबा, तुम्ही आणि तो एकाच खोलीत बसून सामना पाहू शकाल, आणि घरात खरा डर्बी, म्हणजे एकाच शहरातल्या दोन संघांचा सामना रंगेल.

भुसावळात संध्याकाळी मैदानावर चेंडू मारणारी पोरे आहेत, आणि तुम्ही शाळेत आहात. सुब्रतो कपच्या शालेय फुटबॉल स्पर्धा होतात, त्यांना शाळेचा संघ पाठवायचा तर सोबत जाणारा शिक्षक लागतो. हे मी युनायटेडला पर्याय म्हणून सुचवत नाही, कारण एका प्रेमाच्या जागी दुसरे बसवता येत नाही. पण तुम्हाला फुटबॉलची जी समज इतक्या रात्री जागून आली आहे, ती टोमण्यांना उत्तरे देण्यात संपावी याचे मला वाईट वाटते. ऑफसाइड कुठे झाला हे बाजूच्या रेषेवरून ओळखणारा माणूस आपल्याकडच्या शाळांना सहजासहजी मिळत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, सोडावा की नाही. हंगाम संपतानाच्या मे महिन्यात किंवा एखाद्या लाजिरवाण्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी तो निर्णय घेऊ नका. एक पूर्ण हंगाम वकिलीशिवाय काढा. सोयीच्या वेळेचे सामने पाहा, मनापासून दाद द्या, मनापासून नावे ठेवा आणि कोणालाही पटवायला जाऊ नका. हंगाम संपल्यावर, शनिवार संध्याकाळ जवळ आली की सामना किती वाजता आहे हे तुम्ही आपसूक बघत होता की नाही, एवढेच आठवून पाहा. बघत असाल तर तुम्ही चाहते आहात, आणि मालकांशी तुमचे कितीही भांडण असले तरी ते तसेच राहू द्या. बघत नसाल तर निघून जा, त्याची घोषणा करू नका आणि घाईने दुसरा क्लबही शोधू नका. शनिवार मोकळा मिळाला तर मुलाला घेऊन मैदानावर जा.

कळावे, लोभ असावा.